पेरणीत लिफ्ट बंद पडण्याआधी जुन्या ट्रॅक्टरच्या तेलातलं पाणी काढा

मृग तोंडावर आला आहे. बियाणं, खत, बीजप्रक्रिया यांची धावपळ सगळीकडे चालू असेल. ती तासभर थांबवा. गोठ्यामागं उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरखाली एक घमेलं सरकवा आणि मागच्या हाऊसिंगचा, म्हणजे गिअर-लिफ्टचं तेल असलेल्या पेटीचा, ड्रेन प्लग दोन-तीन आटे सैल करा. पूर्ण काढू नका. ट्रॅक्टर रात्रभर हललेला नसेल तर पाणी तळाशी बसलेलं असतं आणि पहिली धार त्याचीच येते. नुसतं तेल आलं तर प्लग आवळा आणि आपल्या कामाला लागा. पाणी आलं, किंवा ताकासारखं पांढुरकं तेल आलं, तर पुढचं सगळं वाचा.

मी सोयाबीनच्या पट्ट्यातला आहे. इथं पेरणी बुडाली की लोक पावसाला नाहीतर बियाण्याला बोल लावतात. माझ्या डोळ्यांदेखत गेलेल्या निम्म्या पेरण्या मात्र लिफ्टनं, म्हणजे तेलाच्या दाबानं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेनं, घालवल्या, आणि त्या लिफ्ट तेलातल्या पाण्यानं घालवल्या. शेजारच्या गावातल्या एकाचा अनुभव सांगतो. सहा एकर रान, तिसऱ्या हातानं घेतलेला ट्रॅक्टर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला, वापसा आला, पेरणी यंत्र जोडून गडी सकाळी सातला रानात. दुसऱ्या तासाला धुऱ्यावर वळायला लिफ्टचा दांडा ओढला, तर यंत्र उचलेचना. दुकानदारानं न उघडताच सांगितलं, लिफ्टला तेल दाबणारा पंप गेला. पंप यायला चार दिवस, बसवायला दोन. तेवढ्यात पुन्हा पाऊस लागला आणि पेरणी जुलैत गेली. खरी गंमत पुढं आहे. पंप नवा बसवला आणि तेल तेच जुनं, गाळून परत ओतलं. पुढच्या जूनला तोच पंप ओरडायला लागला.

जुन्या मॅसी 1035, बी-275, एचएमटी 2511 यांसारख्या ट्रॅक्टरांचं पहिलं दुखणं इथंच असतं. बऱ्याच जुन्या बांधणीत गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट या तिघांना एकच तेल असतं. मॅसीच्या जुन्या घडणीत तर पंप त्याच तेलात बुडालेला असतो आणि पीटीओचा, म्हणजे रोटाव्हेटर-मळणीयंत्र फिरवणारा मागचा, शाफ्ट त्याच्या आरपार जातो. म्हणून तेलात पाणी शिरलं की ते एकट्या लिफ्टचं नुकसान करत नाही. बेअरिंगला गंज चढतो, व्हॉल्व्ह अडकतात, गाळणीवर लोण्यासारखा चिकट थर बसतो. गाळणी तुंबली की पंपाला तेल ओढता येत नाही, आणि तो रिकामा ओढत राहिला की घासून संपतो.

पाणी येतं कुठून? गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं असतं, डिपस्टिक ढिली असते, मागं पीटीओला टोपी नसते. वर्षभर ट्रॅक्टर उघड्यावर. त्यात अलीकडं सर्व्हिसिंगच्या नावाखाली प्रेशरच्या पाण्यानं धुण्याची हौस आली आहे. ब्रीदरवर (हवा जायच्या भोकावर) आणि तेल अडवणाऱ्या सीलवर तो फवारा मारला की पाणी थेट आत. मी माझा ट्रॅक्टर ओल्या फडक्यानं पुसतो. लोक हसतात.

शंका असेल तर घरच्या घरी तपासा. टाकाऊ तवा अंगणात चुलीवर तापवा, त्यावर डिपस्टिकचं एक-दोन थेंब तेल टाका आणि मागं सरा. तेल नुसतं धुरावलं तर ठीक. मोहरी फुटल्यासारखं तडतडलं तर पाणी आहे. थेंबच टाका, चमचाभर नाही.

पाणी थोडं असेल, पेलाभर, आणि तेल अजून स्वच्छ दिसत असेल, तर तळातलं पाणी सोडून द्या आणि आठवड्यानं पुन्हा पाहा. तेल दुधाळ झालं असेल तर ते बदलण्यावाचून इलाज नाही. ट्रॅक्टर तासभर चालवून तेल गरम करा, अवजार जमिनीवर टेका, इंजिन बंद करा, प्लग काढा आणि रात्रभर निथळू द्या. गाळणी काढून डिझेलमध्ये धुवा. जाळी फाटली असेल तर नवीच टाका, शिवत बसू नका. मग योग्य ग्रेडचं, पण साधं स्वस्त तेल भरून दोन-तीन तास हलकं काम करा, लिफ्ट वर-खाली करा आणि तेही काढून टाका. शेवटी चांगलं तेल भरा. खर्च दुप्पट वाटेल, पण पंपाच्या किमतीपुढं तो काहीच नाही.

ग्रेड आणि लिटर पुस्तिकेत असेल तेच. पुस्तिका हरवली असेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाकडून फोटो मागवा. दुकानदार काउंटरवर सिंथेटिक डबा पुढं करेल, सोबत तेलात टाकायची पावडर आणि गळती थांबवणारी बाटलीही देईल. तिन्ही नकोत. गळती थांबवणाऱ्या बाटल्या सील फुगवतात, दोन महिने बरं वाटतं आणि पुढं सील पार मऊ पडतं. डब्याचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा. आणि इंजिनातून काढलेलं जळकं तेल लिफ्टमध्ये ओतू नका. हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

तेल बदलूनही लिफ्ट नीट चालली नाही, तरच पुढं जा. अजिबात उचलत नसेल तर आधी पीटीओचा दांडा पाहा. काही जुन्या मॉडेलमध्ये तो न्यूट्रलला असला की पंप फिरतच नाही, आणि यापायी मिस्त्री बोलावलेले मी पाहिले आहेत. झटके देत उचलते, शिटी मारते, तर तेल कमी किंवा गाळणी तुंबलेली. थंड असताना उचलते आणि तापल्यावर दमते, तर पंप किंवा व्हॉल्व्ह झिजलेले. अवजार उचलून इंजिन बंद करा, लिंकच्या टोकाची उंची काठीवर खडूनं खुणवा. काही मिनिटांत वीतभर खाली आलं तर बहुधा लिफ्टच्या सिलिंडरमधल्या पिस्टनची ओरिंग, म्हणजे रबरी कडी, गेलेली. ती काही रुपयांत मिळते, आणि याच लक्षणावर पंप विकला जातो. इंजिन चालू असताना अवजार सारखं डोलत राहिलं तरी संशय आधी तिथंच घ्या.

टॉप लिंक, म्हणजे अवजाराला वरून धरणारा दांडा, ट्रॅक्टरला जिथं जोडते, तिथल्या जाड स्प्रिंगकडंही बघा. अवजाराचा ओढा जाणून खोली सांभाळण्याची ही युक्ती आयरिश यंत्रज्ञ हॅरी फर्ग्युसनची. 1946 पासून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत निघालेल्या टीई-20 ट्रॅक्टरमुळं ती जगभर गेली. मॅसी घडणीत टॉप लिंक अडकवायचा स्प्रिंगचा कान बोटांनी फिरायला हवा, पण पुढं-मागं खडखडता कामा नये. खडखडत असेल तर फण कधी खोल, कधी वर जातात. सोयाबीनचं बी 3 ते 5 सेंटिमीटरवर पडायला हवं असताना ते सातवर गेलं, तर उगवण काय होणार?

काम करताना उचललेल्या अवजाराखाली हात घालू नका. ओंडका, लोखंडी घोडी, काहीही टेकू द्या. गळती बोटानं शोधू नका, पुठ्ठा धरा. दाबातली बारीक धार कातडीत शिरते. शिरलीच तर बाहेरून जखम क्षुल्लक दिसली तरी त्याच तासात दवाखाना गाठा.

आता पीटीओ. मागच्या टोकाला तेल ठिबकत असेल तर त्याच वाटेनं पाणी आत येतं, हे धरून चाला. शाफ्ट ओढण्याआधी तेल काढून घ्या. नवं ऑइल सील चढवताना दात्यांवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर सीलची ओठी तिथंच चिरते आणि दोन दिवसांत पुन्हा ठिबक. शाफ्टवर जुन्या सीलनं चर पाडला असेल, तर नवं सील दोन-तीन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठी कोऱ्या जागेवर टेकेल. शाफ्ट बदला म्हणतील. या युक्तीवर माझ्या शाफ्टनं चार हंगाम काढले. वरून टोपी घाला. मिळत नसेल तर औषधाचा रिकामा डबा कापून तारेनं आवळा.

पीटीओ 540 फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ वेळा. उपरणं, ओढणी, पदर अडकला की सोडवायला वेळच मिळत नाही. गार्ड नसेल तर मळणीला किंवा रोटाव्हेटरला ट्रॅक्टर जोडूच नका.

बाकी नेहमीचं:
- युनिव्हर्सल जॉइंटच्या क्रॉसला रोज ग्रीस
- शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत
- रोटाव्हेटर उंच उचलण्याआधी पीटीओ बंद
- शिअर बोल्टच्या (जादा ताण आला की मुद्दाम तुटणाऱ्या बोल्टच्या) जागी जाड बोल्ट नाही
- पीटीओ क्लचचं अंतर पुस्तिकेप्रमाणे
- लिंचपिन, चेक चेन, टॉप लिंकचे आटे तपासून
- काढलेलं तेल विहिरीपासून लांब, कॅनमध्ये भरून भंगारवाल्याला

हे काम वळवाच्या पहिल्या सरीआधी उरकायचं होतं. ज्यांचं राहिलं त्यांनी या आठवड्यात करा. माझा अंदाज, पुस्तकातला नाही: दमट हवेत उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरमध्ये दहा-बारा दिवसांत पुन्हा तळाशी पाणी जमतं. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पावसाची वाट बघत असाल तेव्हा पेरणीच्या आदल्या दिवशी पहाटे, इंजिन चालू करण्याआधी, प्लग पुन्हा दोन आटे सैल करा. घमेलं तिथंच राहू द्या.