पाणथळीवरील पक्षी कसे मोजावेत
गणनेसाठी सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी. समोरून ऊन आले की सगळीच बदके काळी दिसतात. मोठा थवा एकेक करून मोजत बसू नये. दुर्बिणीतून आधी दहा पक्षी मोजून तेवढ्या घोळक्याचा आकार नजरेत बसवावा आणि त्याच मापाने, गर्दी कुठे दाट व कुठे विरळ आहे हे पाहत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे. टिबुकली सतत बुडी मारते, म्हणून तिच्यासाठी त्याच पट्ट्यावरून दोन-तीनदा नजर फिरवावी. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव न ठोकता ‘अनोळखी बदक’ असे सरळ लिहावे. थवा उडाल्यास वेळ व दिशा टिपून शेजारी गणना करणाऱ्या गटाला लगेच कळवावे, नाहीतर तेच पक्षी दोनदा मोजले जातात.