ट्रेलर टायर खातोय? नवा टायर चढवण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात हैदराबाद रोडला ट्रेलरच्या एक्सल-पाट्यांचं (चाकांचा आस आणि त्यावर भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) काम करतोय त्याला बावीस वर्षं झाली. आठवड्याला एक तरी मालक असा येतो, की ट्रेलर राहतो घरी आणि टायर येतो टेम्पोतून. एका कडेला तारा दिसायला लागलेल्या असतात. "मामा, आता कुठल्या कंपनीचा टाकू?" टायर कुठला होता विचारलं तर म्हणतो, "मागचा." तीन एक्सलच्या ट्रेलरला मागे बारा टायर असतात. कितव्या एक्सलचा, डावा का उजवा, जोडीतला आतला का बाहेरचा, हे माहीत नसेल तर तो टायर बघून मी काही सांगू शकत नाही.

म्हणून पहिली विनंती. टायर उतरवण्याआधी त्यावर खडूने जागा लिहा. मी "२ डा बा" असं लिहितो : दुसरा एक्सल, डावी बाजू, बाहेरचा. मग झीज बघा. मधला पट्टा गेला असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी किंवा माल जास्त. जागोजागी खड्डे पडलेत तर आधी बेअरिंगचा खेळ तपासा. चाक जॅकवर घ्या आणि टायरखाली पहार घालून उचलून बघा. एकच कड गेली असेल तर एक्सल वाकलाय का ते बघायचं. आणि तळहात टायरवरून आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत लागतो, उलट दिशेने करवतीच्या दातांसारखा अडतो, तेव्हा टायर सरळ फिरत नाहीये, आडवा घासला जातोय. हे डोळ्यांना पटकन दिसत नाही, हाताला लगेच कळतं. हात न लावता नुसतं बघून निदान करणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त पैसे गेलेले मी बघितले ती. टायर जिथे झिजला तिथेच दोष आहे असं धरून चालणं.

मागे एकदा गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत राखेचा एक बल्कर (सुटी पावडर नेणारा टाकीचा ट्रेलर) आला. तिसऱ्या एक्सलचे डावे दोन्ही टायर सात महिन्यांत दुसऱ्यांदा गेले होते. मालकाने टायर बदलले, बेअरिंग बदललं, तिसऱ्या एक्सलला जागेवर धरणाऱ्या दांड्याचे, म्हणजे टॉर्क रॉडचे, रबरी बुशही नवे टाकले. दुसऱ्या एका ठिकाणी अलाइनमेंटही करून घेतली होती आणि "सगळं बरोबर आहे" असं त्याला सांगितलं होतं. मी विचारलं, मोजलं कसं? तर दोन्ही बाजूंना हँगरपासून, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याला वेल्ड केलेल्या पाट्यांच्या आधारापासून, एक्सलपर्यंतचं अंतर घेतलं होतं. डावं-उजवं सारखं आलं, म्हणून एक्सल सरळ.

मी ट्रेलर शेडमधल्या कोब्यावर घेतला आणि किंग पिनपासून, म्हणजे ट्रेलर ज्या खिळ्याने ओढणाऱ्या गाडीला जोडतात तिथपासून, मोजायला लागलो. तिसरा एक्सल ठीक होता. पहिला डाव्या बाजूला आठ मिलिमीटर मागे. खाली वाकून बघितलं तर पहिल्या एक्सलच्या डाव्या हँगरवर जुनं वेल्डिंग होतं, रंग मारून झाकलेलं. चालकाला विचारल्यावर कळलं की वर्षभरापूर्वी रात्री रस्त्यात हँगर उपटला होता, तो तिथल्या तिथे नजरेने लावून वेल्ड केला. हँगरच मागे बसला, मग त्याला धरलेला टॉर्क रॉड कितीही बरोबर लांबीचा असला तरी एक्सल तिरकाच राहणार. हँगरपासून मोजणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही, कारण त्याने वाकड्या गोष्टीलाच आधार धरलं.

मालक म्हणाला, "आठ मिलिमीटर म्हणजे काय मामा, बोटाएवढंही नाही." त्याला मी फळ्यावर मांडून दाखवलं. दोन बाजूंच्या पाट्यांमध्ये साधारण एक मीटर अंतर धरा. मीटरला आठ मिलिमीटर तिरका म्हणजे एक किलोमीटर पुढे जाताना तो एक्सल आठ मीटर आडवा जायला बघतो. बाकीचे दोन त्याला जाऊ देत नाहीत. सोलापूर-पुणे २५० किलोमीटर धरलं तर एका बाजूच्या खेपेत दोन किलोमीटर आडवं ओढणं झालं. हे घासणं तिन्ही एक्सल आपसांत वाटून घेतात. वजन, हवा, रबर जिथे कमी-जास्त असेल तिथे ते आधी दिसतं, म्हणून दोष पहिल्याचा आणि टायर तिसऱ्याचा गेला. ट्रेलर एका अंगाने चालत असल्यामुळे चालक स्टिअरिंग सतत थोडं धरून ठेवत होता, त्यात घोड्याचे (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचे) पुढचे टायरही झिजायला लागले होते. ते दुखणं मालक वेगळं समजून वेगळे पैसे घालत होता.

हँगर कापून मापात परत लावला. नंतर दर दोन महिन्यांनी तो बल्कर आला की मी स्वतः हात फिरवून बघायचो. करवत पुन्हा लागली नाही.

मोजण्यात होणाऱ्या चुकांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नव्या पोरांना इथेच घाई असते. ट्रेलर मागे घेऊन शेडमध्ये लावला आणि लगेच टेप धरला, तर ते माप फुकट आहे. रिव्हर्समध्ये बुश उलट्या बाजूला दाबलेले असतात, वळणात एक्सल एकमेकांना ताणून बसतात. ट्रेलर रिकामा आणि चारी बाजूंनी समपातळीत हवा. सरळ रेषेत निदान दोन-तीन ट्रेलर-लांबी पुढे आणायचा, हळू थांबवायचा, ट्रेलरचे ब्रेक जोरात लावून नाही. मग पायांवर उभा करून घोडा सोडायचा. काळ्या मातीच्या आवारात हे करू नका. पावसाळ्यात तर तिथे दोन चाकांत इंचभर फरक सहज पडतो.

किंग पिनच्या मध्यातून ओळंबा सोडतो, जमिनीवर खडूची खूण. पहिल्या एक्सलच्या दोन्ही हबच्या मध्यातून तसाच ओळंबा, तशाच खुणा. मग स्टीलच्या टेपने पिनपासून डावं आणि उजवं. कापडी टेप ताणला जातो, तो शेडमध्येच ठेवू नका. डाव्या-उजव्यात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक मी सोडत नाही. पहिला एक्सल बसला की दुसरा आणि तिसरा त्याच्यापासून मोजायचे, तिथे दीड मिलिमीटर. प्रत्येक माप दोनदा, दुसऱ्यांदा टेपची टोकं बदलून दुसऱ्या माणसाच्या हातात. याला पाऊण तास लागतो. "पाच मिनिटांत करून द्या" म्हणणाऱ्याला मी सरळ सांगतो, पाच मिनिटांत होत नाही.

एक गोष्ट बघितली की मला राग येतो : वाकलेला एक्सल गॅसने लाल करून सरळ करणं. काम झटपट होतं, माप बरोबर येतं, मालक खूश. पण त्या लोखंडाची मूळ ताकद त्या जागी गेलेली असते. पुन्हा वाकतो, नाहीतर मोडतो, आणि मोडतो तो भरलेला असताना, रस्त्यावर. वाकलेला एक्सल बदला. पैसे नसतील तर ट्रेलर चार दिवस उभा ठेवा, पण तापवू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात.

जोडीतल्या आतल्या टायरची हवा न बघणं. व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही म्हणून क्लीनर बाहेरचा टायर ठोकून "ठीक आहे" म्हणतो. व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावून घ्या, काम संपलं.

जोडीत एक नवा आणि एक अर्धा झिजलेला टायर टाकणं. मोठा टायर वजन घेऊन तापतो, लहान टायर घासत फिरतो. दोन्ही जातात.

मे महिन्यात भर दुपारी धाव्यावरून आलेल्या टायरची हवा मोजून ती कमी करणं. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या टायरचा दाब वाढणारच. हवा सकाळी, थंड टायरवर बघायची.

वजनकाट्यावर किंवा सिमेंट कारखान्याच्या आवारात स्टिअरिंग पूर्ण कापून जागच्या जागी ट्रेलर वळवणं. तीन एक्सलच्या गटात वळण साधारण मधल्या एक्सलभोवती फिरतं, पहिला आणि तिसरा आडवे ओढले जातात. जमिनीवर काळे पट्टे दिसतात ते तुमचंच रबर. जागा असेल तर मोठा वळसा घ्या.

माल जास्त भरणं. तीन एक्सलच्या गटाची कायदेशीर मर्यादा २०१८ मध्ये २४ वरून २७ टन झाली, ती वाढीव मर्यादाही लोक ओलांडतात आणि मग दोन्ही कडा गेलेला टायर घेऊन माझ्याकडे येतात. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

पाटे बदलल्यावर ते एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा न आवळणं. नवे पाटे भार पडला की बसतात, बोल्ट ढिले होतात, एक्सल सरकतो, केलेलं सगळं माप गेलं. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर आणायला मी सांगतोच, त्याचे पैसे घेत नाही. तरी दहातले सहा परत येत नाहीत, म्हणून आता मी काम झालं की एक्सल आणि पाट्याच्या सांध्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून देतो. चालकाने रोज सकाळी हवा बघताना तिच्याकडे नजर टाकायची. रेघ तुटलेली दिसली तर गाडी भरू नका, आधी बोल्ट आवळून घ्या आणि माप पुन्हा घ्या.