जुन्या संगणकाला म्युझिक प्लेयर जोडताना या चुका टाळा

बेळगावातील शहापूर, वडगाव भागात असो किंवा खानापूर, निपाणीकडील गावांत असो, ओळखीच्या घरातील जुना संगणक पाहायला गेलो की पुष्कळदा कपाटातून एक लहानसा म्युझिक प्लेयरही बाहेर येतो आणि त्यामागोमाग तक्रार येते : "लावलं की टुंग वाजतंय, पण आत काय दिसंना झालंय बघा." मोबाइलच्या काळात हे उपकरण कोण वापरते, असे वाटणे साहजिक आहे. परंतु कॅसेटवरून एमपी-थ्री करून घेतलेली नाट्यगीते, जवळच्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने आणि गावच्या भजनी मंडळाची घरीच केलेली ध्वनिमुद्रणे अशाच प्लेयरमध्ये साठलेली असतात; आणि ज्या विंडोज एक्सपीच्या संगणकावरून ती भरली, तो संगणकही जुन्या फाँटमधील मराठी मजकुरासाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी अजून राखलेला असतो. या दोघांची गाठ पडत नाही तेव्हा प्लेयर बिघडला असेच बहुतेकांना वाटते. माझा अनुभव असा आहे की बिघाड क्वचित असतो, आणि खरे नुकसान होते ते घाईने केलेल्या उपायामुळे.

त्या उपायांतील सर्वांत महागडा उपाय मी स्वतः केलेला आहे. खानापूर तालुक्यातील माझ्या मामांनी एकादशीच्या भजनांचे दोन वर्षांचे ध्वनिमुद्रण प्लेयरच्याच माइकवर केले होते. तो संगणकाला जोडल्यावर 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता फॉरमॅट करायची का?' असा प्रश्न पडद्यावर आला आणि मी विचार न करता 'होय' म्हटले, म्हणजे आतले सारे पुसून मांडणी नव्याने करायला सांगितले. नंतर फाइली परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर चालवून काही भजने हाती लागली, पण त्यांची नावे आणि तारखा गेल्या त्या गेल्याच. हा प्रश्न म्हणजे प्लेयर रिकामा असल्याची ग्वाही नव्हे. आतील मांडणी विंडोजला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. मध्येच वायर ओढल्याने मांडणीला धक्का लागलेला असतो, किंवा मॅकवर तयार केलेला आयपॉड विंडोजला जोडलेला असतो, किंवा मेमरी कार्ड एक्सफॅट या मांडणी-पद्धतीचे असते, जी एक्सपीला स्वतंत्र अपडेट घातल्याखेरीज कळत नाही. अशा वेळी 'नाही' म्हणावे, प्लेयर काढावा आणि तो दुसऱ्या, शक्यतो नव्या संगणकावर लावून पाहावा. चुकून फॉरमॅट झालेच, तर त्यावर एकही नवे गाणे भरू नये, कारण जुन्या फाइलींच्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंतच त्या परत मिळण्याची आशा असते.

टुंग वाजते की नाही?

तक्रारीतील 'टुंग' हा शब्द फार उपयोगी आहे. जोडल्यावर आवाज येत असेल, तर वायर, पोर्ट आणि प्लेयर यांचा संवाद सुरू झाला आहे आणि अडचण पुढे, म्हणजे ड्रायव्हर (उपकरण ओळखायला संगणकाला लागणारे सॉफ्टवेअर), मोड किंवा ड्राइव्हचे अक्षर यांत शोधायची आहे. संगणकाचे स्पीकर चालू असूनही आवाज येत नसेल, तर सेटिंग्जमध्ये शिरण्याचे कारणच नाही; आधी वायर पाहावी. यूएसबीच्या वायरीत विजेसाठी दोन आणि माहितीसाठी दोन अशा चार तारा असतात. चार्जरसोबत स्वस्तात मिळणाऱ्या काही वायरींत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा वायरीने प्लेयरवर बॅटरीचे चिन्ह हलते, त्यामुळे वायर ठीक आहे असे वाटते, आणि माणूस तासन्‌तास ड्रायव्हर शोधत बसतो. पुष्कळ जुन्या प्लेयरना मिनी यूएसबी वायर लागते, जी जुन्या डिजिटल कॅमेऱ्यालाही चालत असे. तेव्हा नवी घेण्यापूर्वी कॅमेऱ्याची पिशवी उघडून पाहावी.

वायर बदलूनही काही होत नसेल, तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचे, थेट मदरबोर्डवरील पोर्ट वापरावे. पुढचे पोर्ट आतून लांब तारेने जोडलेले असते आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती तार सैल झालेली किंवा चुकीची बसवलेली आढळते. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेला हब, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणारे साधन, तर मध्ये आणूच नये. यूएसबी पोर्टने 500 मिलिअँपिअर द्यावेत असे ठरलेले असले, तरी अशा हबच्या प्रत्येक पोर्टच्या वाट्याला 100 मिलिअँपिअरच येतात. कित्येक महिने न वापरलेल्या प्लेयरची बॅटरी पूर्ण उतरलेली असते. तो जोडल्याबरोबर जागा होत नाही, म्हणून निदान अर्धा तास तसाच जोडून ठेवावा.

विंडोजची आवृत्ती न पाहणे

विंडोज 98 मध्ये पेन ड्राइव्हसारख्या साधनांसाठी सर्वसामान्य ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे प्रत्येक प्लेयरचा ड्रायव्हर सोबतच्या सीडीवरून घालावा लागे, आणि सीडी हरवली की प्लेयर मुका होई. विंडोज एमई, 2000 आणि एक्सपी यांत तो मुळातच आहे. यूएसबी 2.0 हे मानक एप्रिल 2000 मध्ये आले. त्याचा वेग सेकंदाला 480 मेगाबिट आणि त्याआधीच्या 1.1 चा 12 मेगाबिट. एक्सपीला यूएसबी 2.0 चा आधार पहिल्या सर्व्हिस पॅकपासून (मायक्रोसॉफ्टच्या एकत्रित अपडेटपासून) मिळाला. 'हे उपकरण अधिक वेगाने चालू शकते' अशी सूचना आली, तर तो बिघाड समजू नये. मात्र 1.1 च्या पोर्टवरून प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट जातो, म्हणजे चार जीबी गाणी भरायला तासापेक्षा अधिक वेळ लागतो. या संथपणाला 'अडकले' समजून मध्येच वायर ओढली जाते, आणि वर सांगितलेल्या फॉरमॅटच्या प्रश्नाचा उगम पुष्कळदा तिथेच असतो.

दोन मोडांचा घोळ

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हा घोळ सर्वाधिक आढळतो. अनेक प्लेयर संगणकाशी दोन भाषांत बोलू शकतात. एमएससी मोडमध्ये प्लेयर पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्याला ड्राइव्हचे अक्षर मिळते आणि फाइली ओढून टाकता येतात. एमटीपी मोडमध्ये तो माध्यम-उपकरण म्हणून दिसतो, त्याला अक्षर मिळत नाही, आणि एक्सपीवर त्यासाठी विंडोज मीडिया प्लेयरची दहावी किंवा त्यापुढील आवृत्ती असावी लागते. ज्या एक्सपीवर मीडिया प्लेयर कधी अद्ययावत केलेला नाही, तिथे टुंग वाजते, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) पिवळे उद्गारचिन्ह दिसते आणि पुढे काहीच घडत नाही. उपाय दोन आहेत : मीडिया प्लेयर अद्ययावत करावा, किंवा प्लेयरच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी मोड शोधून तो 'ऑटो'वरून 'एमएससी'वर न्यावा. मला दुसरा अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो विंडोज 2000 आणि लिनक्स या दोन्हींवरही चालतो.

येथे एक सावधगिरी हवी. सॅनडिस्कच्या सान्सासारख्या काही प्लेयरमध्ये एका मोडमध्ये भरलेली गाणी दुसऱ्या मोडमध्ये जोडल्यावर संगणकावर दिसत नाहीत. प्लेयरवर ती वाजतात, संगणकावर मात्र फोल्डर रिकामा आणि जागा भरलेली. ती गेली असे समजून पुन्हा भरू नयेत, आणि जागा मोकळी करण्यासाठी फॉरमॅट तर मुळीच करू नये; पूर्वीच्या मोडवर परत जावे, की सर्व काही जागेवर दिसते.

अक्षर आधीच कोणीतरी घेतले आहे

दुकानात किंवा लहान कार्यालयात, जिथे दोन संगणक एकमेकांना जोडलेले असतात, तिथे वेगळीच गंमत होते. दुसऱ्या संगणकावरील फोल्डरला 'एफ' हे अक्षर देऊन ठेवलेले असते आणि एक्सपी प्लेयरलाही तेच अक्षर देऊन मोकळे होते. खालच्या कोपऱ्यात 'सेफली रिमूव्ह'चे चिन्ह येते, डिव्हाइस मॅनेजरमध्ये सर्व ठीक दिसते, पण माय कम्प्युटरमध्ये प्लेयरचा पत्ता नसतो. माय कम्प्युटरवर उजवी क्लिक करून 'मॅनेज', तेथून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे आणि प्लेयरच्या ड्राइव्हला 'पी' किंवा 'टी' असे दूरचे अक्षर द्यावे. त्याच यादीत 'फॉरमॅट'ही असते. क्लिक करण्यापूर्वी चष्मा लावावा.

आयपॉडचे स्वतंत्र नियम

पुण्याला किंवा परदेशी असलेल्या मुलाने आपला जुना आयपॉड आई-वडिलांना दिला आहे, असे प्रसंग आपल्याकडे पुष्कळ. 2001 चा पहिला आयपॉड केवळ फायरवायर या यूएसबीहून वेगळ्या जोडणीने जोडला जाई, त्यामुळे साध्या संगणकावर त्याला पोर्टच सापडत नाही. 2003 च्या तिसऱ्या पिढीपासून यूएसबीने गाणी भरता येऊ लागली, तर 2005 च्या पाचव्या पिढीत फायरवायर केवळ चार्जिंगपुरते उरले. आयपॉड ड्राइव्ह म्हणून दिसला, तरी त्यात ओढून टाकलेली गाणी वाजत नाहीत. ती आयट्यून्स या ॲपलच्या सॉफ्टवेअरमधून जावी लागतात, आणि एक्सपीसाठी आयट्यून्सची 12.1.3 ही शेवटची आवृत्ती आहे. सर्वांत घातक बटण 'इरेज अँड सिंक' हे होय. मुलाच्या संगणकाशी बांधलेला आयपॉड घरच्या संगणकाला लावला की आयट्यून्स हा पर्याय पुढे करते, आणि तो स्वीकारला की मुलाने जमवलेले सारे संगीत पुसले जाते.

कार्ड, व्हायरस आणि मराठी नावे

चार ते 32 जीबीचे कार्ड एसडीएचसी पद्धतीचे असते आणि जुन्या कार्ड रीडरला ते दिसतच नाही. अशा वेळी कार्ड प्लेयरमध्येच ठेवून प्लेयर जोडावा. बाहेरच्या संगणकावर गाणी भरून आणल्यावर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसले, तर ते व्हायरसचे काम असते. मूळ फोल्डर सहसा लपवलेले असतात, पुसलेले नसतात. म्हणून शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटीव्हायरस चालवावा आणि मग लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सुरू करावा.

देवनागरी किंवा कन्नड नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसणे हा जोडणीचा दोष नव्हे. प्लेयरमध्ये त्या लिपीचा फाँट नसतो, एवढेच. गाणे सुरक्षित असते. नावे रोमन अक्षरांत लिहून त्यापूर्वी 01, 02 असे अंक घालावेत आणि त्याच क्रमाने भरावीत, कारण पुष्कळ साधे प्लेयर नावाच्या नव्हे, तर भरल्याच्या क्रमाने वाजवतात. मामांच्या वाचलेल्या भजनांना मी असेच अंक दिले. काकड्याच्या अभंगाआधी पसायदान वाजू लागले, तेव्हा त्यांनीच बसून क्रम लावून दिला.