आतषबाजीचे फोटो काढताना या चुका टाळा

दसरा-दिवाळी उलटली की ओळखीतले लोक फोटो दाखवायला येतात. काळ्या आकाशात पांढरे फराटे, कडेला कुठे किंचित गुलाबी, आणि ठरलेला प्रश्न: "रंग कुठे गेले?" हातात नवा महागडा डिजिटल असो की काकांच्या कपाटातला पेंटॅक्स के १००० हा जुना फिल्म कॅमेरा, चूक बहुतेक वेळा एकच असते.

रंग जातात ते प्रकाश जास्त झाल्याने. तो कमी करायला मंडळी शटरचा वेळ घटवतात आणि तिथेच गाडं अडतं. औट (आकाशात जाऊन फुटणारा दारूचा गोळा) फुटल्यावर उडालेली ठिणगी एका जागी थांबत नाही. फिल्मच्या किंवा सेन्सरच्या एका बिंदूवर तिचा प्रकाश क्षणभरच पडतो, मग शटर दोन सेकंद उघडं असो नाहीतर आठ. रेघ किती उजळ येणार हे अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक; एफ/ पुढचा आकडा मोठा तितकं ते लहान) आणि आयएसओ (फिल्मची किंवा सेन्सरची संवेदनशीलता) ठरवतात. शटरमुळे ठरतं ते रेघेची लांबी, एका चौकटीत किती औट मावणार आणि मागचं देऊळ किती उठून दिसणार. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. मी आयएसओ १०० आणि एफ/११ वर सुरुवात करतो, शटर बल्बवर (बटण दाबून धरू तितका वेळ उघडं), हातात केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर चालवणारी वायर. औट वर जाताना उघडायचं, ठिणग्या विझल्या की मिटायचं. मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियमचा पांढरा लखलखाट फार प्रखर असतो, त्याला एफ/१६ लागतं. तांब्याच्या क्षारांचा निळा मुळातच मंद, त्याला एफ/८ द्यावं. स्ट्रॉन्शियमचा लाल आणि बेरियमचा हिरवा मधल्या एफ/११ वर छान येतात.

फिल्मवाले इथे आणखी एक घोळ घालतात. लांब एक्स्पोजरला फिल्मची संवेदनशीलता घटते, हे खरं. म्हणून तक्ता पाहून ते वेळ वाढवत बसतात. ठिणगीला त्याचा काही उपयोग नाही, फरक पडला तर फक्त मागच्या अंधाऱ्या भागाला. प्रोव्हिया १००एफ सारख्या फिल्मला तर १२८ सेकंदांपर्यंत दुरुस्तीच लागत नाही.

ऑटोफोकस बंद ठेवा. अंधारात लेन्स पुढे-मागे घुटमळते आणि औट विझून जातो. ऑटोफोकसच्या बऱ्याच लेन्स अनंताच्या (∞) खुणेच्याही पुढे फिरतात, त्यामुळे रिंग टोकाला नेऊन सोडणंही चूक. लांबच्या दिव्यावर फोकस करा, मॅन्युअलवर या, रिंगला चिकटपट्टी लावा.

जमिनीवरच्या दारूकामाचा हिशेब वेगळा. तासगावजवळच्या कवठेएकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे आतषबाजी होते. तिथे आग आकाशात कमी आणि माणसांच्या अंगाशी जास्त. अनंतावर फोकस लावून तिथे उभं राहण्यात अर्थ नाही. २८ मिमीची लेन्स, एफ/११ आणि फोकस चार-पाच मीटरवर ठेवला की पुढची गर्दी आणि मागचं घर दोन्ही स्पष्ट येतात. गर्दीत ट्रायपॉडचे पाय पसरणं मला अजिबात पटत नाही, पळापळीत कुणीतरी अडखळून पडतं. दुपारीच जाऊन एखाद्या घरी विनंती करून गच्ची मागून घ्यावी. अंगात सुती कपडे हवेत, नायलॉन नको.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती. एका मित्राने असंच रात्रभर जागून ३६ चौकटींचा आख्खा रोल भरला. फोकस, अॅपर्चर, सगळं चोख. लॅबमधून पाकीट आलं तेव्हा सहा-सहाच्या पट्ट्या चौकटींच्या मधोमध कापलेल्या. रात्रीच्या निगेटिव्हवर आकाश म्हणजे मोकळी नारिंगी फिल्म, आणि दोन चौकटींमधली फटही तशीच. कापणाऱ्याला कड दिसलीच नाही, त्याने अंदाजाने कात्री चालवली. दीपमाळेमागे दोन औट एकदम फुटलेली चौकट त्यातच गेली. तो फोटो पुन्हा मिळणार नव्हता. यावर उपाय एका मिनिटाचा आहे. रोल घातल्यावर पहिला फोटो दिवसाउजेडी, चौकट भरेल अशा उजळ भिंतीचा काढा, म्हणजे कापणाऱ्याला त्याची कड दिसते आणि मोजणी तिथून सुरू होते. आणि पाकिटावर ठळक लिहा: "फिल्म कापू नये." प्रिंट हवे असतील तर "आकाश काळं ठेवा" असंही लिहा, नाहीतर मशीन अंधाराला उजळवून राखाडी करतं. "एक चौकट वाया कशाला घालवायची?" असं विचारणारे पुढच्या वर्षी कापलेल्या पट्ट्या घेऊन येतात.

डिजिटलवाल्यांनी लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधले ठिपके घालवणारी सोय) बंद करावं. आठ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी आठ सेकंद अडून राहतो आणि पुढचा औट हुकतो. ट्रायपॉडवर असाल तर स्टॅबिलायझेशनही बंद. फ्लॅश नकोच, तो फक्त धूर उजळवतो. यूव्ही फिल्टर काढून ठेवा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या.

एका चौकटीत तीन-चार औट हवे असतील तर शटर उघडंच ठेवून मधल्या वेळात लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा, लेन्सला न टेकवता. संगणकावर दहा फोटो एकावर एक चढवण्यापेक्षा मला हेच आवडतं, कारण जे दिसतं ते त्या रात्री, त्या क्रमाने घडलेलं असतं.

धुराकडे नवशिके बघतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानंतर दिवाळीत फटाक्यांची वेळ रात्री ८ ते १० अशी ठरली, म्हणजे सगळा धूर त्याच दोन तासांत दाटतो. वारा पाठीवर येईल असे उभे राहा आणि पहिल्या काही मिनिटांतच महत्त्वाचे फोटो घ्या. शेवटी एकदम बरेच औट सुटतात तेव्हा उजेड एकावर एक साचतो. तेव्हा अॅपर्चर एक-दोन स्टॉप मिटवा (एफ/११ वरून एफ/१६ किंवा एफ/२२) आणि शटर दोन सेकंदांच्या आत बंद करा.