कादंबरीवर दुसरा हात फिरवताना या चुका टाळा

पहिला खर्डा संपला की आपण पेढे वाटतो. खरं काम त्यानंतरचं. सोलापूरच्या पूर्व भागात, शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात मी सध्या माझ्या कादंबरीचा तिसरा खर्डा करतोय. खालच्या सगळ्या चुका घरच्याच आहेत.

सगळ्यात महागात पडलं ते 'शोधा आणि बदला'. नायकाचं नाव राम होतं. ते फार गुळगुळीत वाटायला लागलं, म्हणून एका फटक्यात मल्लू करून टाकलं. संगणकानं हुकूम इमानेइतबारे पाळला. 'आराम'चं 'आमल्लू' झालं, 'ग्रामपंचायती'ची 'ग्मल्लूपंचायत'. 'रामाने' होतं तिथे 'मल्लू'च्या मागे एक अनाथ काना लोंबकळत राहिला. आपल्याकडे नावाला प्रत्यय लागताना रूपच बदलतं: रामाने, रामाच्या, पण मल्लूने, मल्लूच्या. तेव्हा 'सगळे बदला' या बटणाला हात लावू नका. आधी लांब रूपं एकेक करून शोधा, नुसता 'राम' सगळ्यात शेवटी, आणि दर ठिकाणी थांबून हो-नाही ठरवा. त्याआधी फाइलच्या नावात तारीख घालून एक प्रत बाजूला काढून ठेवा.

दुसरी चूक, वाक्यं आधी घासायची. पहिल्या प्रकरणाला मी महिनाभर पॉलिश करत बसलो आणि मग ते प्रकरणच उडवलं. आधी प्रसंगांचा क्रम, माणसं, काळ बघा. काळ हलवलात तर त्याबरोबर काय काय हलतं, याची यादी कागदावर करा. मी एक प्रकरण जानेवारीतून मे महिन्यात सरकवलं. नायिकेला घाम फुटला, पंखा गरगरला, सगळं जमलं. पण त्याच संध्याकाळी ती होम मैदानावर पाळण्यात बसली होती! तिथली गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, संक्रांतीची. मे महिन्यात तिथे पाळणा कुठून येणार? हे मला चार वाचनांत दिसलं नाही, कारण मी वाक्यांचा नाद ऐकत होतो. माणूस वगळलात तरी तेच. चौथ्या प्रकरणातून काढलेली आत्या अकराव्यात लग्नाला हजर होते.

शुद्धलेखन भर उन्हात, दुपारी तपासा. चाळिशीपार पारा असताना डोकं तेवढंच चालतं.

बोली 'सुधारू' नका. दुसऱ्या खर्ड्यात मी 'काय करूलालास बे?' खोडून 'काय करतोयस रे?' केलं, प्रकाशकाला कळावं म्हणून. पात्रं एकदम पुण्यात राहायला गेली. जुना खर्डा ठेवला होता म्हणून परत आणता आली.

आता वाचनाचं. दुरुस्ती करताना धीर सुटतो, आणि धीरासाठी आपण हमखास चुकीचं पुस्तक उचलतो. मी रात्री मोठमोठ्या कादंबऱ्या काढायचो आणि सकाळी स्वतःची फाइल उघडवत नसे. त्यांचं छापलेलं पान आणि आपलं खोडाखोडीचं, ही तुलनाच खोटी आहे. वर त्यांची लय आपल्या वाक्यांत शिरते ती वेगळीच. हेमिंग्वेनं 1958 साली छापून आलेल्या मुलाखतीत एका कादंबरीचं शेवटचं पान 39 वेळा लिहिल्याचं सांगितलं, तो किस्सा जो तो धीर देण्यासाठी ऐकवतो. मला तो ऐकून धडकीच भरली. तिसऱ्यातच माझा जीव मेटाकुटीला आलाय.

त्यापेक्षा लेखकांच्या डायऱ्या, पत्रं वाचा. जॉन स्टाइनबेकनं 1938 मध्ये त्याची गाजलेली मोठी कादंबरी लिहिताना रोज डायरी ठेवली होती. ती 1989 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. त्यात घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची कुरकुर आहे, आपल्याला लिहिता येतं की नाही ही शंका आहे, आजचं काम झालं की नाही याचा हिशेब आहे. पुढे 1962 मध्ये त्याला नोबेल मिळालं, पण डायरीतल्या माणसाला ते ठाऊक नाही. म्हणूनच तो आपल्या शेजारी बसल्यासारखा वाटतो.

डोसही मोजून घ्या. मी हिराचंद नेमचंद वाचनालयात 'प्रेरणेसाठी' जायचो आणि दुपार तिथेच संपायची. आता आधी चार पानं वाचायची, मग फाइल उघडायची. कामानंतर वाचलं तर ते बक्षीस होतं, आणि बक्षीस मी काम न करताही घेतो.

परवा पहाटे नळाला पाणी आलं. टाकी भरेस्तोवर जिन्यात बसून चार पानं झाली. आत्याला अजून लग्नातून बाहेर काढायचंय.