म्हातारी, भोपळा आणि पंधरा मांडे: गोष्टीच्या तासाची तयारी

पुठ्ठा कापायला घेण्याआधी गोष्ट एकदा कोऱ्या कागदावर लिहा आणि मुलांचे हात किंवा आवाज जिथे लागतील तिथे खूण करा. खूण नसलेल्या जागेसाठी काहीही बनवू नका. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत अशा चार जागा निघतात: वाघ-कोल्ह्याने वाट अडवणं, लेकीकडे म्हातारीला खाऊ घालणं, भोपळ्याची टुणूक टुणूक आणि शेवटी झाकण उघडणं. झाडं, डोंगर, लेकीचं घर बनवण्यात दोन संध्याकाळी जातात आणि मुलं त्यांच्याकडे बघतही नाहीत. पंधरा-वीस मुलांच्या अंगणवाडीला एक भोपळा, एक म्हातारी, काडीवरचे दोन प्राणी आणि मूठभर खुळखुळे पुरतात.

भोपळ्याला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून आठवडाभर आधी सुरुवात त्यानेच करा. बारा इंची फुगा अठ्ठावीस सेंमीपर्यंतच फुगवा, गच्च नको. रद्दीची दहा-बारा पानं हाताने फाडून दोन-तीन सेंमी रुंद पट्ट्या करा. कात्रीने कापलेल्या पट्टीची कड शेवटपर्यंत उठून दिसते, फाटलेली कड मिसळून जाते. खळीसाठी एक वाटी मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओता, तीन-चार मिनिटं ढवळा आणि दोन चमचे मीठ घाला. जुन्या पद्धतीत खळीत मोरचूद टाकत. ते विषारी आहे आणि मुलं वस्तू तोंडात घालतात, तेव्हा नकोच. उन्हाळ्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून त्या दिवसाला लागेल तेवढीच शिजवा.

एकूण पाच थर द्या. एक थर साध्या वर्तमानपत्राचा, पुढचा गुलाबी किंवा रंगीत कागदाचा, असं आलटूनपालटून लावलं की कुठे जागा सुटली ते लगेच दिसतं. शेवटचा थर कोऱ्या पांढऱ्या कागदाचा हवा, नाहीतर रंगाखालून बातम्या डोकावतात. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. वाळवायला फुगा गाठीने दोरीला टांगा. जमिनीवर ठेवला तर ओल्या वजनाने बूड चपटं होतं आणि भोपळा मग गडगडत नाही. खानदेशात लोक हमखास चुकतात ते इथे: भुसावळ-जळगावचं एप्रिल-मेचं ऊन कडक म्हणून फुगा गच्चीवर ठेवतात. आतली हवा दुपारी प्रसरण पावते, रात्री आकसते आणि कागदाला सुरकुत्या पडतात, कधी फुगाच फुटतो. सावलीत, वारं लागेल अशा जागी टांगा. पावसाळ्यात एका थराला दीड दिवसही लागतो.

बोटाच्या पेराने ठोकल्यावर कोरडा आवाज आला आणि गालाला गार लागलं नाही, की आतून वाळलं समजा. फुगा टाचणीने फाडू नका. गाठीजवळ बारीक छेद देऊन हवा हळू सोडा. एकदम फुटला तर तो आतला कागद ओढून नेतो. रबराचे तुकडे मोजून बाहेर काढा, लहान मुलाच्या घशात अडकायला एक तुकडा पुरतो. वरच्या बाजूला पंधरा सेंमी व्यासाचं झाकण कापा, दोन्ही कडांना सुती पट्टी चिकटवा. झाकण तीन ठिकाणी वेल्क्रोने बसवा. एकाच जागी बसवलेलं झाकण दुसऱ्या गडगडीलाच निसटतं आणि म्हातारी वाघापुढेच बाहेर पडते. फाका दिसाव्यात म्हणून सुतळीच्या आठ ओळी देठापासून बुडापर्यंत चिकटवून मग रंगवा. नुसता पोस्टर कलर घामट हाताला लागतो. वाळल्यावर वरून चिकटवायचा पांढरा डिंक निम्मं पाणी घालून फिरवा.

म्हातारी वीस सेंमी उंच, जुन्या सुती लुगड्याची. आत घरचा कापूस भरताना सरकी नीट काढा, राहिली तर तेलाचे डाग वर येतात. तिचं पोट ही या सगळ्यातली खरी युक्ती. जुन्या बनियनच्या ताणणाऱ्या कापडाचा दहा बाय बारा सेंमीचा खिसा पदराखाली शिवा, तोंडाला सैल इलॅस्टिक. मग दोन पदरी मलमलचे सहा सेंमी व्यासाचे पंधरा मांडे शिवा, मुलं जास्त असतील तर तेवढे, शिवाय तीन-चार जादा. लेकीच्या घरी प्रत्येक मूल एकेक मांडा खिशात कोंबतं आणि म्हातारी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लठ्ठ होते. मांड्यांत कापूस भरू नका, पोट फार फुगतं. भरलेलं पोट तेरा सेंमीच्या वर गेलं तर म्हातारी झाकणातून आत जाणार नाही. हे आदल्या दिवशी सगळे मांडे भरून तपासा. डोळ्यांना बटणं नकोत, दोऱ्याने काढा.

वाघ-कोल्ह्यासाठी खोक्याचा पुठ्ठा दुहेरी घ्या, दोन्हींच्या नळ्या एकमेकींना आडव्या, म्हणजे वाकत नाही. उंची वीस सेंमी. काडी तुराटीची, साल काढून पॉलिश पेपरने घासलेली, चाळीस सेंमी लांब. टोकाला चिंधी गुंडाळा. तोंडावर बांधायचे मुखवटे टाळा. तीन वर्षांची मुलं घाबरतात आणि बोलणाऱ्याचा आवाजही दबतो. वाघाचं वाक्य मुलांच्या घरच्या बोलीतच ठरवा. ‘कोठे जाई ऱ्हायनी वं डोकरी?’ म्हणायला अहिराणी घरातली मुलं जेवढी जोरात उठतात तेवढी पुस्तकी वाक्याला उठत नाहीत. सातपुड्याच्या पाड्यांवर भिली किंवा पावरी चालते, तिथे वाक्य सेविकाताईंकडून आधी घ्या.

खुळखुळ्याला दोनशे मिलीची बाटली आणि दोन चमचे ज्वारी. जास्त भरलं तर आवाज मरतो. दाणे तव्यावर पाच मिनिटं परतून, गार करून भरा, नाहीतर महिन्याभरात सोंडे होतात. झाकणाला आतून डिंक लावून वर चिकटपट्टी. पेरणीतून उरलेलं कपाशीचं पाकिटातलं रंगीत बियाणं मात्र कधीही भरू नका, त्याला कीटकनाशक लावलेलं असतं.

सगळं पत्र्याच्या पेटीत ठेवा. खळीच्या वासाला उंदीर आणि झुरळं येतात. पेटी उन्हातल्या गाडीत सोडू नका, हॉट ग्लूने चिकटवलेलं सैल पडतं. सोबत सुईदोरा, वेल्क्रोचा तुकडा आणि चिकटपट्टी असू द्या. मांडे प्रत्येक तासानंतर धुवायचे आहेत, तेव्हा कापड शिवायच्या आधीच एकदा धुऊन आटवून घ्या.