एडीएचडी आणि झोप: पुणेकरांनो, या चुका टाळा

एडीएचडी (लक्ष एका जागी टिकू न देणारी मेंदूची जडणघडण) असलेल्या मोठ्या माणसाला घरी ठरलेलं वाक्य ऐकावं लागतं: 'तो मोबाइल ठेव, म्हणजे लागेल झोप.' मोबाइल ठेवूनही लागत नाही, कारण अशा बऱ्याच प्रौढांचं शरीराचं घड्याळच मागे असतं. संध्याकाळी मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, वाढायला लागतं ते इतरांपेक्षा साधारण दीड तास उशिरा. अकराला पाठ टेकली तरी शरीराच्या हिशेबाने साडेनऊच वाजलेले असतात. म्हणून 'आजपासून दहाला झोपायचं' हा निश्चयच पहिली चूक. तळमळत पडून राहिलं की पुढे पुढे अंथरूण दिसताच डोकं ताजंतवानं होतं. झोप आल्यावरच आडवे व्हा. पक्की करायची ती उठायची वेळ.

दुसरी चूक भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. एरवी दहाला उठणारा माणूस जोशात येऊन सोमवारपासून पहाटे तळजाई गाठतो. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी सर्वात कमी असतं. प्रखर उजेड त्यानंतर मिळाला तर घड्याळ अलीकडे येतं. त्याआधी मिळाला तर आणखी उशिरावर जातं. याच्या शरीराला सकाळचे साडेसहा म्हणजे अजून रात्रच, त्यामुळे टेकडीवरचं कोवळं ऊन उलटंच काम करतं. शिवाय चार दिवसांत उत्साह संपतो तो वेगळाच.

त्यापेक्षा दर तीन-चार दिवसांनी गजर पाव ते अर्धा तास अलीकडे घ्या आणि उठल्यावर तासाभरात अर्धा तास उघड्यावर काढा. गच्ची, सोसायटीचं आवार, काहीही चालेल. घरातला उजेड जेमतेम काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो. जुलैतल्या ढगाळ सकाळीही बाहेर काही हजार मिळतात. गजर बंद करून परत झोपण्यात आपला हात कोणी धरणार नाही, तेव्हा कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात कोणाला तरी भेटायचं ठरवा. वाट बघणारा माणूस गजरापेक्षा खात्रीचा. बायपोलर किंवा डोळ्यांचा आजार असेल तर मात्र उजेडाचे प्रयोग आधी डॉक्टरांना विचारून.

मेलाटोनिनची ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी झोपताना घेणं ही तिसरी चूक. नेदरलँड्समध्ये एडीएचडी असलेल्या प्रौढांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज फक्त ०.५ मिलिग्रॅमने घड्याळ जवळजवळ दीड तास अलीकडे आलं आणि एडीएचडीची लक्षणंही १४ टक्क्यांनी घटली. घड्याळ हलवायचं तर मात्रा छोटी आणि वेळ संध्याकाळची, नेहमी झोप लागते त्याच्या बऱ्याच तास आधी. वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि गोळी घेतल्यावर कर्वे रस्त्याला दुचाकी काढू नका.

शनिवार-रविवारी बारापर्यंत लोळलात की आठवड्याची कमाई गेली. तासभर जास्त ठीक. हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांना वरचं वेळापत्रक लागू नाही. त्यांनी सुट्टीच्या दिवशीही शिफ्टच्या जवळपासचीच वेळ पाळावी आणि पहाटे कॅबमधून परतताना गॉगल लावावा. लोक हसतील, हसू द्या.

संध्याकाळी सहाच्या चहातलं अर्धं कॅफीन रात्री अकराच्या सुमाराला शरीरात असतं. एडीएचडीचं औषध झोप उडवतंय असं वाटलं तरी स्वतःहून बंद करू नका. काहींची झोप त्याने बिघडते, तर काहींना औषधाचा असर उतरला की अस्वस्थ वाटतं. उपाय दोघांचे वेगळे.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं किंवा रात्री पाय सतत हलवावेसे वाटणं असेल, तर ते एडीएचडीच्या खात्यावर मांडू नका. स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा आजार) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवड्यांची नोंद हवी असते. त्यासाठी नवं ॲप उतरवाल तर रात्रीचा एक त्याच्या सेटिंगमध्येच वाजेल. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या त्या चौकोनात दोनच आकडे लिहा, डोळा लागला कधी आणि उठलात कधी, आणि पानाचा फोटो काढून न्या.